हाक्यातले बाजूअप्पा

रिकामा रस्ता ही गोष्ट बाजूअप्पांना दिसायचीच नाही. आपल्याला समोर धुळीशिवाय काही दिसत नसायचं, तिथं त्यांना कडब्याची गाडी दिसायची, डोक्यावर भारा घेतलेली बाई दिसायची, दूधवाल्याची फटफटी दिसायची. भर दुपारी, मैलभर चिटपाखरू नसताना ते आपली जीप दोन चाकं मुरमात उतरवून अगदी कडेला उभी करत. मी एकदा विचारलं, इथून कोण येणार आहे अप्पा? ते म्हणाले, "येईल की कोनीबी." कधी? "ते त्याला म्हाईत. आपन वाट आडवली नसली म्हंजे झालं."

त्यांचं खरं नाव गुंडप्पा. बीदर जिल्ह्यात, चिंताकीच्या पुढं एका लहान गावात त्यांची शेती होती. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक हे वाचतील आणि कोणाचं काय चुकलं यावर पुन्हा भांडत बसतील. "जरा बाजूला घ्या" हे वाक्य ते मराठीत, कानडीत, तेलुगूत आणि समोरचा फारच ऐकत नसेल तर दखनीत म्हणत. त्यावरून सगळा तालुका त्यांना बाजूअप्पा म्हणायचा. त्यांच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा त्यांनी घोड्यावरून उतरून एका बैलगाडीला वाट करून दिली होती, असं त्यांची बायको सांगे. हे खरं की खोटं मला माहीत नाही. त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही ते खोटं वाटलं नाही, एवढं मात्र खरं.

मी त्या भागात जनावरांची डॉक्टर म्हणून गेले तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. बीदरला वाढलेली, तिथंच शिकलेली. दवाखान्यात लोक यायचे आणि माझ्या खांद्यावरून मागं बघत विचारायचे, डॉक्टर कुठं गेलेत? मीच डॉक्टर म्हटलं की म्हैस तशीच परत घेऊन जायचे. अप्पांनी मात्र पहिल्याच आठवड्यात आपला बैल आणला, दाव्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टरबाई, हे लाथ मारतंय. डाव्या अंगानं या." बस. बाईमाणूस, नवीन, लहान वयाची, यातलं एक अक्षर नाही. बैल कुठून लाथ मारतो हीच त्यांच्या दृष्टीनं सांगण्यासारखी बातमी.

येळवशीची अमावस्या झाली, शेतात बसून मिसळ भाज्यांची भज्जी आणि आंबील खाऊन झाली, की येणाऱ्या रविवारी तिथं डुकरांचा हाका असे. गावाखालच्या ओढ्याला काटेरी झुडपांची दाटी आहे. रानडुकरं दिवसा त्यात पडून राहतात आणि अंधार पडला की हरभरा, ज्वारी उपसून काढतात. जुन्या काळी ही शिकारच असायची. कायदा आला तसं मारणं बंद झालं, पण ज्वारी दाण्यात येण्याआधी हलग्या, पत्र्याचे डबे आणि फटाके वाजवत डुकरं माळापलीकडं हाकलायची रीत राहिली. हाकणारे चाळीस-पन्नास, बघणारे त्यांच्या तिप्पट. औरादहून, उदगीरहून, थेट बीदरहून लोक डबे बांधून मोटरसायकली आणि गाड्या घेऊन येत. गावाला डुकरांपेक्षा या बघ्यांचीच धास्ती जास्त. डुक्कर निदान एका वाटेनं जातं.

अप्पा डुकरामागं कधी धावले नाहीत. त्या दिवशी सकाळी सातला ते रस्त्यावर हजर असत, हातात एक बांबू. भरलेली कडब्याची गाडी जेवढी रुंद, तेवढा तो बांबू लांब. त्यांनी स्वतः मापून कापलेला. कोणी गाडी लावली की अप्पा तिच्या अंगापासून रस्त्याच्या पलीकडच्या कडेपर्यंत बांबू आडवा धरत. बसला तर मान हलवून पुढं जात. नाही बसला तर बांबू तसाच धरून गाडीवाल्याकडं बघत राहत. ओरडणं नाही, हुज्जत नाही. दोन मिनिटं एक म्हातारा माणूस बांबू आडवा धरून आपल्याकडं बघतोय, हे भल्याभल्यांना सोसत नाही. गाडी सरकायचीच.

गाड्यांची तोंडं गावाकडं, म्हणजे निघताना वळवावळवी नको. पेरलेल्या रानात चाक घालायचं नाही. हॉर्न तर बिलकुल नाही, कारण त्यानं डुकरं उलटी फिरतात. एकदा एका पाहुण्याच्या चाकानं बांधाचे चार दगड ढासळले, तेव्हा अप्पांनी त्याला शर्टाच्या बाह्या वर करायला लावून ते दगड पुन्हा रचायला लावले. स्वतः शेजारी उकिडवे बसून कुठला दगड कुठं बसतो ते सांगत होते. तो माणूस तालुक्याच्या कचेरीतला साहेब होता हे त्यांना माहीत होतं. दगड नीट बसले तेव्हा म्हणाले, "साहेब, हात चांगला हाय तुमचा."

पण त्यांचा सगळ्यात अजब नियम किल्लीचा. हाक्याला आलेल्या माणसानं किल्ली गाडीतच ठेवायची. गाडीला कुलूप लावायचं नाही. मालक ओढ्यात असतो, हलग्यांच्या आवाजात त्याला हाक ऐकू जात नाही. अशा वेळी गाडी हलवायची झाली तर जो जवळ असेल त्यानं हलवावी. गावकऱ्यांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की हाक्याच्या दिवशी रस्त्यावर तीस-पस्तीस गाड्या किल्ल्यांसकट उभ्या असत आणि कोणाला त्यात नवल वाटत नसे. माझ्या माहितीत एकही गाडी चोरीला गेली नाही.

बीदरचा एक कंत्राटदार पांढरी मोठी गाडी घेऊन आला होता. किल्ली ठेवा म्हटल्यावर हसला. म्हणाला, अहो अप्पा, ही गाडी केवढ्याची आहे माहीत आहे का? अप्पा म्हणाले, "न्हाई बा. मग तुमी असं करा, किल्लीसंगट हितंच बसा." आणि लिंबाखाली त्याला घोंगडी टाकून दिली. तो बिचारा सकाळभर तिथं किल्ली घेऊन बसला. खालून हलग्या वाजतायत, लोक आरोळ्या ठोकतायत, आणि हा गाडीला पहारा देतोय. अप्पांनी त्याला दोनदा चहा आणि घरून गरम भाकरी पाठवली. पाहुणचारात कसूर नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला, गाडीतून उतरला आणि कोणी विचारायच्या आत म्हणाला, "किल्ली आत हाय बरं का अप्पा."

हे सगळे नियम कशासाठी, तर एका पांदणीसाठी. रस्त्यापासून वरच्या शेतांकडं एक गाडीवाट जायची, दोन्ही बाजूंना बांध आणि दाट बाभळी, एका वेळी एकच गाडी जाईल एवढीच रुंद. हाक्याच्या सुमाराला वरच्या रानात तुरी कापून गंजी घातलेल्या असत आणि तूर वाळली की पेटायला वेळ लागत नाही. फटाके उडवायचे तर पाणी हाताशी पाहिजे, हे अप्पांनी भांडून पंचांच्या गळी उतरवलं होतं. म्हणून फवारणीच्या पाण्याची टाकी जोडलेला एक ट्रॅक्टर दर हाक्याला रस्त्यावर तयार उभा असे, आणि पांदणीच्या तोंडाशी सायकलसुद्धा लावायला बंदी असे. इतक्या वर्षांत त्या टाकीची कधी गरज पडली नव्हती. लोक त्यावरून अप्पांची चेष्टा करत. म्हणत, अप्पा त्या पाण्यात मासे सोडा.

माझा हाक्याशी संबंध कुत्र्यांमुळं. डुकराचा सुळा कुत्र्याचं पोट सुरीसारखं फाडतो. मारायचं नाही असं कितीही ठरलं तरी कुत्र्यांना कायदा कळत नाही, त्यामुळं दर वर्षी दोन-तीन कुत्री शिवायची असत. मी पिशवी घेऊन जायची. मी तिथं गेले त्याच वर्षी एक जुनी छोटी मोटार घेतली होती आणि ती चालवायला मला अप्पांनीच शिकवलं होतं, माळावर, त्यांच्या जीपवर. पहिले चार दिवस त्यांनी मला फक्त मागं घ्यायला लावलं. मी वैतागून म्हटलं, पुढं कधी जायचं? "फुडं तर कुनीबी जातंय लेकी. माघारी घेता यायला पायजे." चार दिवसांत मी माळावरच्या एका बोरीला तीनदा धडकले. ते शेजारी बसून फक्त "बोर हाय बरं का तिथं" एवढंच म्हणत.

आता त्या दिवसाचं सांगते. माझा तिथला तो पहिलाच हाका.

सकाळी मी दवाखान्यात एक गाय उरकून उशिरा निघाले. पोचले तेव्हा हाका रंगात आला होता आणि रस्त्यावर कोणी नव्हतं. ट्रॅक्टरवर त्याचा चालक तेवढा डुलक्या घेत होता. अप्पाही दिसले नाहीत. खालून एकजण ओरडत आला, लाल्या फाटलाय, आतडी बाहेर आलीत, लवकर चला. लाल्या म्हणजे त्याचा कुत्रा. गाड्यांची रांग पार वळणापर्यंत गेली होती. मोकळी जागा दिसली ती एकच, पांदणीचं तोंड. मी गाडी आत घातली. दोनच मिनिटं, म्हटलं. पिशवी घेतली, काच वर केली, दार लावलं, कुलूप लावलं आणि किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकली. मी बीदरची. गाडी सोडताना कुलूप लावायचं हे मला कोणी शिकवावं लागलं नव्हतं, माझा हातच ते करायचा.

लाल्याला शिवायला अर्धा तास लागला. ओढ्यातल्या एका सपाट दगडावर, दोघांनी त्याचे पाय धरलेले. शेवटचे टाके घालत होते तेव्हा कोणीतरी वर बोट दाखवलं. बाभळींच्या वर काळा धूर. एक सुतळी बॉम्ब वरच्या बाजूनं टाकला होता, त्याचा पेटता कागद उडून तुळसाक्काच्या तुरीच्या गंजीत पडला होता.

तुळसाक्का एकटी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सासरी. चार एकर रान ती स्वतः करायची आणि त्या वर्षाची तिची सगळी तूर त्या एका गंजीत होती.

मी धावत सुटले. टाके घातलेलं कुत्रं दुसऱ्याच्या हातात देऊन, चढ चढत, आणि धावता धावता मला आठवलं की माझी गाडी कुठं आहे. तसलं धावणं मी आयुष्यात पुन्हा धावले नाही. वर पोचले तर ट्रॅक्टर पांदणीपाशी थरथरत उभा, टाकीतलं पाणी डचमळतंय, आणि माझ्याआधी पोचलेले आठ-दहाजण माझी गाडी धान्याच्या पोत्यासारखी उचलून, ओढून रस्त्यावर आणतायत. माझ्या हातात किल्ली. ती मी धावतानाच खिशातून काढली होती आणि आता तिचा काही उपयोग नव्हता. ट्रॅक्टर आत गेला. आग विझली, पण तोवर निम्मी गंज गेली होती. उरलेली धुरानं आणि पाण्यानं काळी पडली होती.

सगळे माझ्या हाताकडं बघत होते. कोणीतरी म्हणालं, ही कुनाची गाडी? ती कोणाची हे विचारणाऱ्याला चांगलं माहीत होतं. मी तोंड उघडणार, त्याआधी अप्पा बोलले. ते गर्दीतून पुढं आले, दम लागलेला, चेहऱ्यावर काजळी.

"मीच म्हनलं बाईला, हितं लावा आन् किल्ली काढून घ्या. बाहेरगावचे लोक लई आलेत, म्हनून. चूक माझी हाय."

मग एक म्हातारा, ज्याला अप्पांनी आदल्याच वर्षी फटफटी सरकवायला लावली होती, तो म्हणाला, "तुमी म्हनलं? तुमी?" अप्पा म्हणाले, "व्हय. मी." आणि मी गप्प राहिले.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. मी म्हटलं, असं कामून केलंत? त्यांच्या बोलीत विचारलं तर खरं उत्तर देतील असं वाटलं होतं. ते जीप पुसत होते. म्हणाले, "तुला हितं दिवस काढायचे हायेत. आत्ता कुटं चार मान्सं जनावर घेऊन यायलीत तुझ्याकडं. हे कळलं की तीबी यायची न्हाईत. माझं काय, मला चार शिव्या बसतील." मी म्हटलं, उद्या मी सांगते सगळ्यांना. ते म्हणाले, "तुझी मर्जी." आणि फडकं पिळून वाळत घातलं.

मी दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. कारण त्यांनी सांगितलं तेच होतं. ते कारण खरं होतं. पुरेसं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माणसं जनावरं घेऊन येत होती आणि दिवस भरलेला असायचा.

अप्पांना चार शिव्यांवर सुटका मिळाली नाही. ते हॉटेलात शिरले की कोणीतरी बाकडं सरकवून म्हणायचं, सरका रे, अप्पा आडवे येतील. रस्त्यात ते कोणाला बाजूला घ्या म्हणाले की समोरचा विचारायचा, "पांदनीत लावू का अप्पा?" ते हसायचे. हळूहळू त्यांनी म्हणणं सोडून दिलं. ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती एका बाजारच्या दिवशी. रस्त्याच्या मधोमध एक टेंपो उभा होता, मागं तीन बैलगाड्या अडकल्या होत्या आणि बाजूअप्पा कडेनं खाली मान घालून निघून गेले.

उन्हाळ्यात तुळसाक्काची म्हैस अडली. मी गेले, खांद्यापर्यंत हात घालून रेडकू वळवलं, बाहेर काढलं, जिवंत निघालं. हात धुवायला तिनं पाणी घातलं. घालता घालता म्हणाली, त्या दिवशी तुझ्या गाडीचा आवाज आला तेव्हा अप्पा माझ्या गंजीपाशी पाणी पीत उभे होते. म्हणाले, डॉक्टरबाई आल्या वाटतं. मग ते तिथून बांधाबांधानं खाली ओढ्याकडं गेले. तुला कधी भेटले ते, आणि कधी सांगितलं गाडी कुठं लाव म्हणून?

माझ्या हातावरचं पाणी थांबलं नव्हतं. मी म्हटलं, अक्का, मग तुम्ही बोलला का नाहीत?

"मला कुनी इचारलंच न्हाई की," ती म्हणाली. "आन् माझी म्हस गाभन व्हती. मला डॉक्टर पायजे व्हती." मग तांब्या खाली ठेवून तिनं उरलेलं सांगितलं. खळं झाल्यावर अप्पांनी आपल्या रासीतली तूर तिच्या घरी आणून टाकली होती, पोती भरून, न विचारता. तिनं ती ठेवून घेतली. घरात खायला पाहिजे होतं. "पन त्यांची तूर खाताना मला रोज म्हाईत व्हतं गं, ही कुनी द्यायची व्हती." एवढं बोलून ती रेडकाला पुसायला बसली. तिनं मला जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही.

पुढच्या येळवशीनंतर मारुतीच्या पारावर हाक्याची बैठक भरली. तिथं बायका बसत नाहीत. मी जाऊन बसले. कुत्र्यांसाठी काय लागेल ते सांगायला आलेय असं त्यांना वाटलं असावं. हलग्या कोण वाजवणार ठरलं, फटाके कोणाकडं ठरलं, आणि गाड्या कोण बघणार हा विषय निघाला तेव्हा सगळे एकमेकांकडं पाहू लागले. अप्पा अगदी मागं, खांबाला टेकून बसले होते. एकानं दुसऱ्या कोणाचं तरी नाव घेतलं. मी उभी राहिले आणि सांगितलं. गाडी मी लावली. मला कोणी लाव म्हटलं नव्हतं. कुलूप मी लावलं. अप्पा तिथं नव्हतेच. तेव्हा माझ्यासाठी ते खोटं बोलले आणि वर्षभर मी त्यांना बोलू दिलं. पाच वाक्यांत संपलं. इतकं छोटं होतं ते.

मग तोच म्हातारा, ज्यानं आगीच्या दिवशी "तुमी?" म्हणून विचारलं होतं, पान थुंकून म्हणाला, "मला तवाच वाटलं व्हतं. ह्यो मानूस मेला तरी पांदनीत मरनार न्हाई." लोक हसले आणि पारावरचा ताण सैल झाला. पंच म्हणाले, अप्पा, मग यंदा तुम्हीच बघा गाड्या. अप्पा उठले. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. ते चिडलेले दिसले. म्हणाले, "मी न्हाई बघनार. डॉक्टरबाईला द्या. किल्ली काढली की काय व्हतंय, ते तिला जेवढं म्हाईत हाय तेवढं मला बी न्हाई."

एका सरकारी डॉक्टरीणबाईला रस्त्यावर बांबू घेऊन उभं करायचं, यावर थोडी कुजबूज झाली. पण अप्पांनी बांबू घरून आणून माझ्या हातात दिला आणि प्रश्न मिटला. त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "सांगायचंच व्हतं तर वर्षभर कामून थांबलीस?"

तुळसाक्काकडं मी पुढच्या दोन सुगींना स्वतः गेले, तिच्या तुरी कापायला, गंज घालायला, सुट्टी टाकून. मला ते काम येत नव्हतं. ती मला दिवसभर बोलून घ्यायची, की डॉक्टरीण झालीस पण पेंढी बांधता येईना. दुपारी मात्र तिच्या भाकरीतली अर्धी माझ्या हातावर ठेवायची. जनावरं यायची थांबली नाहीत. अप्पांचा अंदाज चुकला होता, माझाही.

सात वर्षं तिथं राहून मी हाक्याच्या गाड्या लावून घेतल्या. मी अप्पांसारखी गप्प उभी राहू शकत नाही. मी सरळ बोलते. त्यामुळं लोक माझ्यावर जास्त चिडत आणि गाड्या लवकर सरकवत. मग माझी बदली कलबुर्गी जिल्ह्यात झाली. पुढं गाणगापूरच्या बाजूला काही वर्षं काढली. पौर्णिमेला तिथं महाराष्ट्रातून गाड्यांची रीघ लागते आणि प्रत्येकाला देवळाच्या दारातच उतरायचं असतं. मी दवाखाना सोडून कितीदा रस्त्यावर उतरले असेन, याबद्दल माझ्या कंपाउंडरची तक्रार असे.

बदली झाल्यावरही हाक्याला मात्र मी दर वर्षी जायची आणि त्या दिवसापुरता बांबू माझ्याच हातात असे. शेवटच्या वेळी गेले ते अप्पांच्या मुलानं नवी गाडी घेतली त्या वर्षी. हाका सुरू व्हायचा होता. मुलगा गाडी घेऊन आला आणि पांदणीच्या तोंडापाशी, लिंबाच्या सावलीत उभी केली. पुढच्या सीटवर अप्पा. ते फार वाळले होते. मुलगा उतरून माझ्याकडं आला आणि हळूच म्हणाला, अक्का, बाबांना चालणं होत नाही, दम लागतो, त्यांना इथूनच बघू द्या, अर्धा तास, मी गाडीतच बसतो.

मी काचेतून अप्पांकडं पाहिलं. ते समोर बघत होते, माझ्याकडं नाही. मला मदत करायची नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. वर रानात तुरीच्या गंजी होत्या. मी त्या मुलाला म्हटलं, गाडी रांगेत लाव, वळणापलीकडं. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, अक्का, निदान यांच्यासाठी तरी. मी म्हटलं, लाव.

गाडी मागं गेली. मी वळणापर्यंत गेले तेव्हा अप्पा काठी टेकत खाली उतरत होते. मी हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. फक्त म्हणाले, "चल." आम्ही निघालो, ते पुढं, मी मागं. कडेला लावलेल्या गाड्या सोडल्या तर रस्ता पूर्ण रिकामा होता, दोन्ही अंगांना नजर जाईल तिथवर. लिंबापर्यंतच्या त्या चालण्यात त्यांना दोनदा दम लागला आणि दोनदा ते थांबले. दोन्ही वेळा थांबण्याआधी ते कडेला सरकले.

त्या उन्हाळ्यात अप्पा गेले. मला कळायला चार दिवस लागले.